चाकणला गुरुवार नसतो

आमच्या ऑफिसातला केर मी रोज काढते, तरी रोज निघतो. किस्स्यांचंही तेच. चार माणसं दिवसभर एका मजल्यावर बसवा, त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटू देऊ नका, आणि एक फोन ठेवा. वर्षभरात एवढं साठतं की सांगायला बसलं तर चहा गार होतो. तेव्हा आधी चहा प्या, मग ऐका.

ऑफिस कुठलं ते सांगते. काळेवाडीत आमचं घर आहे. खाली आम्ही राहतो, वरच्या मजल्यावर माझ्या दिराची, महेशची, कंपनी. कंपनी म्हणजे महेश, मुजावरसर आणि कॉम्प्युटर. मी चौथी शिकलेली. मला कोणी कामाला ठेवलं नाही, मी आपली आपण लागले.

झालं असं, की महेश फोनवर फार गरीब. "सॉरी सर, हो सर, लगेच सर." पलीकडचा जितका ओरडेल तितका हा वाकणार. एकदा तो आंघोळीला गेलेला आणि फोन वाजायचा थांबेना. मी उचलला. भोसरीच्या एका कारखान्यातले कोणी साहेब होते.

"तुमचा डबा बंद पडलाय. आमचं रिपोर्टचं काम खोळंबलंय. कोण जबाबदार?"

"वायर लावलीय का बघा."

"मॅडम, मी इंजिनियर आहे."

"मग तुम्हाला बघायला सोपं जाईल."

पलीकडे चालत गेल्याचा आवाज, मग परत आल्याचा. "इथे कोणीतरी मोबाईल चार्जिंगला लावलाय," साहेब म्हणाले, आणि हळूच माझं नाव विचारलं. मी म्हटलं, वहिनी म्हणा. तेव्हापासून पिंपरीपासून चाकणपर्यंतचे साहेब लोक मला वहिनी म्हणतात, आणि फोन माझ्याकडे असतो.

* * *

डबा म्हणजे काय, ते मला महेशने सांगितलं तसं सांगते. कारखान्यात मशिनी एकमेकींशी वायरीतून बोलतात. ते बोलणं तुकड्या-तुकड्यांनी जातं. त्या तुकड्याला हे लोक पॅकेट म्हणतात. आमचा प्रोग्राम एका काळ्या डब्यात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची नक्कल ठेवतो. कोणाला अडवत नाही, कोणाला काही बोलत नाही. लाइन बंद पडली की नक्कल उघडायची आणि आधी कोण गप्प झालं ते बघायचं. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन येणारा-जाणारा लिहून ठेवतो ना, तसं.

अशा वॉचमनवर कोणाचं प्रेम नसतं. चाकणला एक मोठा कारखाना आहे, गाड्यांचे पार्ट बनवणारा. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तिथे एकदा वेल्डिंगचा रोबो मधूनच थिजायला लागला. मेन्टेनन्सवाले म्हणाले प्रॉडक्शनची चूक, प्रॉडक्शनवाले म्हणाले मेन्टेनन्सची. दोन्ही टोळ्या मॅनेजर जाधवसाहेबांच्या केबिनमध्ये भांडत होत्या, आणि महेशने कोपऱ्यात बसून नक्कल उघडली. रोबोचा नेटवर्कमधला जो नंबर होता, तोच नंबर आणखी एक जण वापरत होता. एका नंबरची दोन घरं असली तर पोस्टमनने जायचं कुठं? रोबो बिचारा वाट बघत थांबायचा. शोधत शोधत गेले, तर दुसरं घर निघालं जाधवसाहेबांचा स्वतःचा लॅपटॉप.

केबिन बघता बघता रिकामी झाली. साहेब महेशला म्हणाले, "रिपोर्ट जरा सौम्य लिहा."

महेशने 'अज्ञात उपकरण' असं लिहिलं. तरी साहेबांच्या मनातून डबा उतरला तो उतरलाच. त्यात डब्यानेच त्यांना आयतं कारण दिलं. चाकणला तो पडायचा. आठ-दहा दिवस गुणी बाळासारखा चालायचा आणि मग थिजायचा. भोसरीला नाही, चिंचवडला नाही, फक्त चाकणला. शेवटी गणपती उठल्यावर साहेबांचा फोन आला.

"वहिनी, दिवाळीनंतर आमच्याकडे परदेशातले कस्टमर ऑडिटला येणार. दिवाळीपर्यंत काय करायचं ते करून घ्या. त्यानंतर ऑडिटपर्यंत डबा एकदा जरी पडला, तर मी काढून टाकणार. मोठ्या कंपनीचा बसवतो."

"काढा की," मी म्हटलं. "आम्ही काय पाया पडतोय?"

बोलले खरं, पण फोन ठेवला आणि जिन्यातच बसले. महेशचं निम्म्याहून जास्त काम चाकणचं. चाकण गेलं की वरच्या मजल्याला भाडेकरू शोधायचा.

* * *

प्रोग्राम लिहिलेला मुजावरसरांनी, फार वर्षांपूर्वी, सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत. सर तेव्हा दापोडीला नोकरीला होते आणि राहायला निगडीला. अर्धा प्रोग्राम त्यांनी बसमध्ये बसून डोक्यात लिहिला. त्यानंतर बाकीच्यांनी त्यात ठिगळं लावली. तो साफ केल्याशिवाय दुखणं सापडणार नाही, म्हणून महेशने दीपालीला आणलं. लातूरची पोरगी. बारीक चणीची, पण तोंडाने खमकी. मला आवडली.

पहिल्याच दिवशी जेवायला खाली आली आणि म्हणाली, "काकू, काहीच कळंना गेलंय. ह्या प्रोग्रामात नुसती गावंच गावं हायेत."

खरंच होती. पॅकेट आत आलं की एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकत जातं, आणि प्रत्येक कप्प्याला नाव द्यावं लागतं. सरांनी बसचे थांबे दिले होते. निगडीला आलेलं पॅकेट आकुर्डीला जायचं, आकुर्डीहून चिंचवड, मग पिंपरी, मग कासारवाडी. दापोडीला उतरलं की काम संपलं. आपल्याकडच्या माणसाला एकदा वाचलं की कळेल. लातूरच्या पोरीला काय कळणार, आकुर्डी आधी का चिंचवड?

महेश म्हणाला, मोबाईलवर नकाशा बघ. मी म्हटलं, नकाशा कशाला, चल माझ्याबरोबर. दोघी निगडीला जाऊन बसमध्ये बसलो. दीपाली खिडकीशी, प्रत्येक थांबा मोबाईलमध्ये टिपत. कंडक्टरने विचारलं, "ताई, कुठं उतरणार?"

"उतरायचं नाही," ती म्हणाली. "पॅकेट कसं जातंय ते बघायलेय."

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दापोडी द्या दोन."

आठवडाभरात तिने सगळ्या कप्प्यांची नावं बदलून सरळ इंग्रजी कामाची नावं दिली. दुसऱ्या दिवशी सर आले, कॉम्प्युटर उघडला आणि वर-खाली करत बसले. मग म्हणाले, "माझं चिंचवड कुठं गेलं?"

"सर, त्याला आता इनपुट क्यू थ्री म्हणायचं."

सरांनी खुर्ची फिरवली ती माझ्याकडे. "भाभी, ह्या पोरीला येऊन किती दिवस झाले? हिने चिंचवड उठवलं."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

* * *

साफसफाईत टाकून द्यायचं पुष्कळ निघालं. जुन्या मोडेमसाठी लिहिलेला भाग, फ्लॉपीसाठी लिहिलेला भाग. एक अख्खा भाग फक्त एका कारखान्यासाठी होता. तो कारखाना कधीच बंद झाला, आता तिथे पोहायच्या तलावासकट सोसायटी उभी आहे. दीपाली विचारायची, "काढू का?" आणि महेश म्हणायचा, "असू दे, लागेल."

आमच्या सासूबाई अशाच तेलाचे रिकामे डबे ठेवायच्या. त्या गेल्यावर मी ते सगळे भंगारात दिले, एकाचीही आठवण कोणाला झाली नाही. मी महेशला म्हटलं, "ज्यांच्या जागेवर फ्लॅट झाले त्यांची काळजी तू का करतो? दीपाली, काढ गं तू."

तिने काढलं. त्यात एक भाग होता जुन्या खडखड्या प्रिंटरवर रोज सकाळी आदल्या दिवसाचा गोषवारा छापायचा. असला प्रिंटर आता असतो का कोणाकडे?

असतो. भोसरीहून फोन आला. "वहिनी, सकाळचा कागद येईना."

"तुम्ही तो वाचता का?"

"छे. वाचायला कोणाला वेळ आहे?"

"मग कशाला पाहिजे?"

"आम्ही त्याच्यावर सही करतो."

"कसली सही?"

"वाचल्याची."

भाग परत घातला. दीपाली घालत होती तेव्हा महेश तिच्यामागे उभा राहून म्हणाला, "बघ, लागलं ना." मी त्याला खाली पाठवलं, गॅस बंद आहे का बघायला.

* * *

मध्येच खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कारखान्यातल्या मशिनींची पूजा होते. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. चिंचवडच्या एका वर्कशॉपमधल्या ऑपरेटरला हार घालून समाधान झालं नाही. त्याने कॉम्प्युटरमध्येही मशीनचं नाव बदललं आणि इंग्रजी अक्षरांत 'श्री गणेश प्रसन्न' ठेवलं.

सरांनी नावासाठी जेवढी जागा ठेवली होती तेवढ्यात 'श्री गणेश' मावलं. उरलेलं सांडलं. सी भाषेत म्हणे कोणी अडवत नाही, सांडलेलं सरळ शेजारच्याच्या घरात जातं. शेजारच्या मशीनचं नाव होतं 'ड्रिल टू'. ते पुसून गेलं आणि तिथे नुसतं 'प्रसन्न' उरलं.

त्या ड्रिलवरचा ऑपरेटर खूश. त्याने फोन केला तो तक्रार करायला नाही. "वहिनी, आम्ही काही केलं नव्हतं. नारळसुद्धा फोडला नव्हता. आपोआप झालं."

दीपालीला कळलं तेव्हा ती धास्तावली. आज नाव सांडलं, उद्या काहीही सांडेल. तिने सगळीकडे मोजमाप लावलं, जागेपेक्षा लांब नाव आलं की कापायचं. लगेच पहिल्या ऑपरेटरचा फोन. हा मात्र तापलेला.

"देवाचं नाव कोणी कापलं?"

"नाव पूर्ण आहे की. श्री गणेश."

"आणि प्रसन्न?"

"ते तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं. पण संध्याकाळी दीपालीला सांगून जागा वाढवून घेतली. उगाच कशाला.

* * *

ह्या सगळ्यात चाकणचं दुखणं काही सापडेना. दिवाळी तोंडावर आली. सर आणि दीपाली शेजारी शेजारी बसायचे आणि बोलायचे माझ्यामार्फत. मी चहा घेऊन वर गेले की दोघांचे निरोप तयार. "काकू, सरांना विचारा." "भाभी, तिला सांगा." मध्ये ट्रे घेऊन मी.

एक दिवस ती म्हणाली, "काकू, सरांना विचारा. प्रत्येक पॅकेटची नक्कल ठेवायला प्रोग्राम कॉम्प्युटरकडून जागा मागून घेतो. काम झाल्यावर ती जागा परत कुठं देतो?"

मी सरांकडे वळले. "सर, ती विचारतेय, जागा परत कुठं देता?"

"तिला सांगा, परत द्यायची गरज नाही."

"का म्हणून?"

"गुरुवारी लाइट बंद असते," सर म्हणाले.

आता हे बाहेरच्याला सांगायला पाहिजे. आपल्या भागात एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. बुधवारी शेवटची पाळी सुटली की माणूस मेन स्विच पाडतो, सगळं बंद, डबासुद्धा. शुक्रवारी सकाळी स्विच टाकला की कॉम्प्युटर नव्याने उठतो, आणि अडकून पडलेली सगळी जागा आपोआप मोकळी. सरांनी तोच हिशोब धरला होता. आठवडाभर पुरेल एवढी जागा असली की झालं, झाडायला गुरुवार आहेच. इतकी वर्षं तो हिशोब चुकला नव्हता. चुकणार कसा, गुरुवार काय चुकतो?

दीपालीने पहिल्यांदा खुर्ची सरांकडे फिरवली. मला मध्ये न घेता बोलली.

"सर, चाकणला गुरुवार नसतो."

चाकणचा तो कारखाना बाराही महिने, तिन्ही पाळ्या चालतो. तिथे कोणी मेन स्विच पाडत नाही.

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मला वाटलं, आता हा माणूस पिशवी उचलणार आणि निगडीची बस धरणार. महेशलाही तेच वाटलं असावं, तो दारात जाऊन उभा राहिला. सर उठले, आपली खुर्ची उचलली आणि दीपालीच्या टेबलाला लावली.

"दाखव बेटा. कुठून कुठून घेतलीय मी?"

पुढचे कितीतरी दिवस दोघं एका स्क्रीनसमोर. जिथे जिथे जागा घेतलेली, तिथे तिथे परत द्यायची. सर बोट ठेवायचे, ती लिहायची. मध्येच सर म्हणायचे, "हे चिंचवडमधलं," आणि ती म्हणायची, "हो सर, चिंचवडमधलं." मी फराळाचं ताट ठेवून यायचे, आणि नंतर बघावं तर चकल्या तशाच. माझ्या चकल्या तशाच राहत नाहीत, म्हणजे काम खरंच चाललं होतं.

* * *

दिवाळी झाली. नवा प्रोग्राम चाकणला बसवून तिघं परत आले. डबा चालू झाला, आणि आमच्याकडे बोलणं बंद झालं. 'चालू आहे ना' असं कोणी विचारायचं नाही, असा मी दमच भरला होता. तरी महेश जिन्यातून जाताना माझ्या फोनकडे बघायचा. दीपाली लातूरला जाणार होती, गेली नाही. आठ दिवस झाले. दहा झाले. नेहमी पडायची वेळ उलटून गेली. सर एकदा खाली आले, पाणी मागितलं, ते प्यायले, काही न बोलता वर गेले. माणूस पाणी मागायला खाली कशाला येईल, माठ वरसुद्धा आहे.

ऑडिटच्या आदल्या दिवशी जाधवसाहेबांचा फोन आला. मी वर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"वहिनी, पडला तुमचा डबा."

दीपालीने डोळे मिटले. सर खिडकीकडे बघायला लागले.

"काल सकाळी बंद झाला होता," साहेब म्हणाले. "स्क्रीनवर सरळ दिसतंय. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सॉरी सर," महेशने सुरू केलं. मी त्याला हाताने गप्प केलं.

"साहेब, तिथे तेव्हा पाळीला कोण होतं?"

"सुतार. आमचा इलेक्ट्रिशियन. पडला की नेहमी तोच चालू करतो. काय फरक पडतो?"

"त्याला फोन द्या."

"वहिनी, आता कशाला..."

"काढायचाय ना डबा? काढा. आधी त्याला फोन द्या."

साहेबांनी बोलावणं पाठवलं. फोन तसाच चालू. लांबून मशिनींचा आवाज येत होता. मग कोणी तरी घसा खाकरला.

"बोला वहिनी. सुतार बोलतोय."

"सुतार, खरं सांग. काल डबा थिजला होता का?"

"नाही. हिरवा दिवा लागलेला. चांगला चालला होता."

"मग बंद कसा झाला?"

"मी केला."

पलीकडून जाधवसाहेबांचा आवाज आला, "काय केलंस?"

"साहेब, आठ-दहा दिवसांनी तो पडतो, मी चालू करतो. इतके महिने तेच चाललंय. ह्या वेळी दिवस उलटून गेले तरी पडेना. रोज जाऊन बघत होतो. दिवा हिरवाच. मला वाटलं, बिघडला. म्हणून बंद करून चालू केला."

तिकडे जाधवसाहेबांनी सुतारच्या हातातून फोन घेतला असावा, कारण आवाज एकदम जवळून आला.

"वहिनी, डबा राहू दे. उद्या सुतारला मी सुट्टी देतो."